अकरा रुपयांचं बक्षीस, अठरा हजारांची कॅसेट

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सध्या व्हिएतनाम चालू आहे. तिसऱ्या मजल्यावरची मंडळी तिथल्या सूपचे फोटो टाकतात, त्याआधी पहिल्या मजल्याने बाकू दाखवून घेतलं, आणि आम्ही सगळे खालून अंगठे देतो. म्हटलं, आपणही एकदा प्रवासवर्णन लिहावं. मागच्या रविवारी मी कळव्याहून निघाले, घोडबंदर रोड, डोंबिवली आणि कल्याण असे तीन मुलूख बघितले आणि दिवेलागणीला परत कळव्यात आले. व्हिसा लागत नाही, असं मी समजत होते. घोडबंदर रोडला गेल्यावर कळलं की लागतो.

प्रवासाचं कारण एक कॅसेट. चाळीस-एक वर्षांपूर्वी कल्याण पूर्वेला आमच्या चाळीच्या मैदानात भीमजयंतीचा कार्यक्रम झाला. गायन पार्टी होती (म्हणजे एक मुख्य गायक, पेटी, ढोलकी, बेंजो आणि मागे बसून ओळ झेलणारा कोरस). एका छोट्या कंपनीने तो कार्यक्रम जसा झाला तसा टेप केला आणि विकायला काढला. अशा कार्यक्रमात एक रीत असते. गाणं रंगात आलं की लोक स्टेजपाशी जाऊन बक्षीस देतात. गायक गाणं तिथेच थांबवतो आणि माइकवर नाव घेतो: अमुक यांच्याकडून पार्टीला पाच रुपये, तमुक आनंदाप्रीत्यर्थ, पार्टी त्यांची आभारी आहे. मग पुढची ओळ.

मी तेव्हा चार दिवसांची होते, आईबरोबर हॉस्पिटलात. माझे बाबा, यशवंत फिटर, आम्हाला बघून थेट मैदानात गेले आणि त्यांनी अकरा रुपये दिले. गायकाने सवयीने जाहीर केलं, ‘पुत्ररत्न झाल्याबद्दल’. तर बाबा खालून ओरडले, ‘‘पुत्र नाय, कन्या! कन्या बोला!’’ लोक हसले, गायकाने चूक सुधारली, आणि हा सगळा गोंधळ कॅसेटमध्ये आला.

मी तीन वर्षांची असताना बाबा काविळीने गेले. त्यांचे फोटो दोन आहेत. आवाज कुठेच नाही, त्या कॅसेटमधल्या चार सेकंदांखेरीज. आमच्या घरची कॅसेट टेपरेकॉर्डरने खाल्ली, तेव्हा आई म्हणे दोन दिवस त्या टेपरेकॉर्डरशी बोलत नव्हती. माझ्या बापाचा आवाज मी ऐकलेला नाही. ऐकला असेल तर आठवत नाही. आणि आता आईचा उजवा कान गेलाय, डावा चाललाय. डॉक्टर म्हणाले, जे ऐकायचंय ते यंदा ऐकून घ्या.

इतकी वर्षं त्या कॅसेटला कुत्रं विचारत नव्हतं. मग कोणीतरी जाहीर केलं की तिची नव्याने तबकडी निघणार आहे, काळी, मोठी, छान पाकिटातली. लवकरच. या ‘लवकरच’ला आता चौथं वर्ष लागलं. तबकडी निघाली नाही, पण जुन्या कॅसेटचा भाव मात्र निघाला. आधी आठशे, मग तीन हजार, आणि गेल्या महिन्यात मोबाईलवर जाहिरात दिसली: ‘अतिदुर्मीळ, सीलबंद, अठरा हजार, घासाघीस नको.’ मी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. लोकांचं रक्त काढून पोट भरणारी मी एकटीच नाही, हे बघून मला बरं वाटलं.

निघताना आईने डबा दिला. भाकरी आणि सुकटीची चटणी (सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, वास आधी येतो, मग चटणी).

‘‘अगं आई, त्या टॉवरमध्ये हे कुठे नेऊ?’’

‘‘तिथली माणसं जेवत नाहीत का?’’ आई म्हणाली. मग हळूच विचारलं, ‘‘देईल ना गं तो?’’

‘‘देईल की. अठरा हजार दिल्यावर कोण नाही देणार?’’

मी दहा बँकेतून काढलेले, आठ लॅबमधून उचल घेतलेली. ते आईला सांगितलं नव्हतं.

ठाणे स्टेशनवरून सिटी बस पकडली. घोडबंदर रोड हा रस्ता आहे, असं नकाशात लिहिलंय. प्रत्यक्षात ती एक थांबायची जागा आहे. कापूरबावडीला बस थांबली ती मानपाड्यापर्यंत थांबतच गेली. दोन्ही बाजूंना टॉवर, आणि प्रत्येकाला असं नाव की उच्चारताना जीभ चावली जावी. एकावर इटली, पुढच्यावर स्पेन, त्याच्यापुढे कुठलं तरी जंगल, जे बहुधा तोडून तो टॉवर बांधला असेल. माझ्या शेजारच्या मावशींना मी विचारलं, ‘‘हा अमुक टॉवर कुठे आला?’’ त्या म्हणाल्या, ‘‘नाव नका सांगू बाई, आम्हाला पण बोलता येत नाय. कामाला जातो तो सातवा गेट, तेवढंच ठाऊक.’’

गेटवर वॉचमनने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘‘मेड का गेट पीछे है.’’

‘‘मी गिऱ्हाईक आहे,’’ मी म्हटलं.

त्याने माझा फोटो काढला, नंबर घेतला, नंबरवर नंबर पाठवला, तो नंबर परत विचारला आणि सत्ताविसाव्या मजल्याची परवानगी यायची वाट बघायला लावली. एवढी विचारपूस माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. लिफ्टमध्ये एक बाई आणि तिचा कुत्रा होता. कुत्रा माझ्या पिशवीकडे इतक्या प्रेमाने बघायला लागला की बाईने त्याला उचलून घेतलं. सुकट तिथे फक्त त्यालाच कळली.

विकणाऱ्याचं नाव सर्वेश. पस्तिशीचा, हाफ पँट, पायात घरातल्या घरात घालायचे लोकरी मोजे, कारण कॅसेटसाठी एसी अठरावर. एक अख्खी खोली कॅसेटची. भिंतभर कपाटं, प्रत्येक कॅसेटला प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर आकडा. त्याने हातमोजे घातले. मी रोज घालते तसलेच, पण मी निदान समोरच्याला ‘दुखेल हं’ म्हणून सांगते.

‘‘ही बघा मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘फर्स्ट लॉट. सेकंड लॉटमध्ये कंपनीने तो सीन कापला. याच्यात एक अंकल गाण्याच्या मध्येच ओरडतो. सॉलिड फनी आहे म्हणे. त्या चार सेकंदांचेच तर पैसे आहेत.’’

‘‘म्हणे म्हणजे? तुम्ही ऐकलं नाही?’’

‘‘सील आहे ना.’’

‘‘मग वाजवा की एकदा. मी पैसे घेऊन आलेय.’’

त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या बाळाला सुई टोचायला निघाले. ‘‘अहो, वाजवली की सील गेलं. सील गेलं की सहा हजार गेले. आणि अ‍ॅक्च्युअली, एवढी वर्षं न वाजलेली टेप आहे, वाजेलच असं नाही. तसल्या गॅरंटीने कोणी घेत पण नाही. ऐकायला कोण घेतं?’’

‘‘मी.’’

तो मोठ्याने हसला. मग मी त्याला सांगितलं, की तो ओरडणारा अंकल माझा बाप आहे. सर्वेशने हात छातीवर ठेवला, डोळे बारीक केले, आणि मला क्षणभर वाटलं की माणूस विरघळला.

‘‘मॅडम, हे तुम्ही लिहून द्याल? सही करून? आधार कार्डाची झेरॉक्स जोडून?’’

‘‘देईन की. मग मला स्वस्त पडेल?’’

‘‘नाही, मग पंचवीस होईल. फॅमिलीचं सर्टिफिकेट आलं ना सोबत.’’

खरं सांगते, माझ्या हाताला सुई असती तर मी त्या दिवशी परवानगी न घेता टोचली असती. पण गरज माझी होती. मी विचारलं, ‘‘ती तबकडी निघाली की या कॅसेटचा भाव पडेल ना?’’

‘‘म्हणून तर आत्ताच घ्या.’’

‘‘पडणार असेल तर मी आत्ता कशाला घेऊ?’’

त्याने हातमोजे काढले. ‘‘कसं आहे मॅडम, ती निघणार निघणार म्हणतात म्हणून भाव चढतो, आणि निघत नाही म्हणून टिकतो. असंच चालू राहू दे. डोंबिवलीत एक काका आहेत, तबकडीचं सगळं काम त्यांच्याकडे अडकलंय. मूळ टेप पण त्यांच्याकडेच आहे.’’

मूळ टेप! मी उठलेच. दारापर्यंत येऊन सर्वेशने त्यांचा पत्ता दिला आणि म्हणाला, ‘‘काय बोलले ते मला पण जरा कळवा हां. लगेच निघणार असेल तर मी तीन-चार पीस काढून टाकतो.’’

ठाण्याहून डोंबिवलीला गाडीने गेले. रविवारची दुपार, बसायला जागा मिळाली, त्यामुळे त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डोंबिवली पूर्वेला उतरल्यावर हवेतच फरक जाणवतो. तिथे रिक्षावालाही ‘नाही’ म्हणताना पूर्ण वाक्यात म्हणतो. सर्वेशने सांगितलेल्या दातारकाकांच्या दारावर पाटी होती: ‘कृपया पादत्राणे बाहेर काढावीत. घंटी एकदाच वाजवावी. विक्रेत्यांनी वाजवूच नये.’ मी पादत्राणे काढली, घंटी एकदाच वाजवली आणि श्वास रोखून उभी राहिले.

दातारकाका निवृत्त इंजिनिअर, पंचाहत्तरीचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. जुन्या फितींवरचा आवाज स्वच्छ करून देणं हा त्यांचा छंद. माणूस प्रेमळ. काकूंनी लगेच साबुदाण्याची खिचडी आणली, वर काकडीची कोशिंबीर. काकांनी विचारलं, ‘‘आपण मूळच्या कुठल्या?’’

‘‘कल्याणच्या.’’

‘‘नाही, म्हणजे मूळच्या?’’

‘‘कल्याणच्याच. पूर्वेच्या.’’

तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही, पण खिचडी गार होत होती. मग मी विषय काढला आणि काकांचे डोळे चमकले. ‘‘या, या, ऐकवतो. दोन वर्षं खपलोय मी यावर.’’

त्यांनी मला दोन उंच स्पीकरांच्या मधोमध बसवलं. गाणं सुरू झालं. काय सांगू, पेटीचा सूर असा लख्ख की भाता हलल्याचंही कळावं. आईने मला ओळ पाठ करून दिलेली, कुठल्या ओळीनंतर बाबा येतात ते. ती ओळ जवळ यायला लागली तशी मी जरा पुढे सरकून बसले. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. ओळ आली. ओळ संपली. आणि लगेच पुढची ओळ सुरू झाली.

‘‘इथे काही ऐकू आलं?’’ काकांनी हसत विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘हेच तर!’’ त्यांनी मांडीवर थाप मारली. ‘‘सांधासुद्धा कळत नाही. एकूण एकोणीस व्यत्यय होते. खोकला, लहान मुलांची रड, आणि ती बक्षिसांची नावं. रसभंग होतो हो. सगळे काढले.’’

‘‘आणि मूळ टेप?’’

‘‘ती अगदी मोडकळीला आलेली. चिकटलेली फीत सुटावी म्हणून मंद आचेवर शेकून एकदाच वाजवली, संगणकात घेतली, आणि मग ती गळूनच पडली.’’

‘‘संगणकात घेतलेलं तरी आहे ना? न साफ केलेलं?’’

‘‘स्वच्छ प्रत झाल्यावर कच्चं कशाला ठेवायचं?’’ ते म्हणाले. ‘‘जागा अडते.’’

मी त्यांना सांगितलं. सगळं, चार दिवसांच्या मुलीपासून आईच्या डाव्या कानापर्यंत. दातारकाका उठले. मग त्यांनी कपाटातून एक वही काढली. वळणदार अक्षरात, समास आखून, एकोणीस नोंदी. अकरावीवर त्यांनी बोट ठेवलं. ‘व्यत्यय ११. श्रोत्यांतून आरडाओरडा. चार सेकंद. काढला.’

माझ्या बापाच्या नावावर दुनियेत एवढंच कागदपत्र आहे, तेही शुद्ध मराठीत. मला हसू आलं आणि लगेच रडूही. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. काका चष्मा पुसत बसले. ‘‘मला काय ठाऊक हो,’’ ते दोनदा म्हणाले. ‘‘मी चांगल्याच हेतूने...’’ आणि ते खोटं नव्हतं. म्हणून तर जास्त राग येत होता.

मग त्यांनीच सांगितलं की तबकडी चार वर्षं का अडलीय. ‘‘गायक महाशय सही देत नाहीत. कागद तयार आहेत. म्हणतात, आधी नावं घाला. कसली नावं, तर पाच-दहा रुपये देणाऱ्यांची! मला वाटलं, वय झालंय, हट्ट आहे.’’

‘‘गायक? काशिनाथकाका? ते आहेत अजून?’’

‘‘अगदी ठणठणीत आहेत. गेल्याच महिन्यात मला शिव्या दिल्या त्यांनी.’’

आमची चाळ पडली तेव्हा सगळे पांगले, आणि आईने तर काशिनाथकाकांना कधीच मनातल्या मनात निरोप देऊन टाकलेला. मी पत्ता घेतला. काका जिन्यापर्यंत सोडायला आले. चौथ्या पायरीवर असताना त्यांनी वरून हाक मारली, ‘‘त्यांना म्हणावं, मी वही जपून ठेवलीय.’’

कल्याणला पूर्वेच्या बाजूने उतरले. पश्चिमेला बाजारपेठ, एसटी स्टँड आणि ज्यांना कुठे तरी जायचंय ती माणसं; पूर्वेला आम्ही. शेअर रिक्षात चौथी सीट मिळाली, ड्रायव्हरच्या शेजारची अर्धी. ‘‘कोळसेवाडीत गायकाचं घर माहितीये का?’’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘कोणता गायक? हल्ली सगळेच आहेत. म्हातारा का? त्याची बायको खिडकीतून बिस्किटं विकते, तोच ना?’’

तेच. एका खोलीचं घर, गल्लीकडची खिडकी म्हणजे दुकान. बरण्यांत खारी, चकल्या, पेपरमिंट. बरण्यांच्या मध्ये तो छोटा डबा, मोबाईलवरून पैसे दिले की ओरडून सांगतो तो. खिडकीत सुमनकाकू, आणि आत खाटेवर काशिनाथकाका. ऐंशीच्या घरातले, पण केस रंगवलेले, काळेकुळकुळीत. कलाकार माणूस.

‘‘जयभीम काका. मी करुणा. यशवंत फिटरची मुलगी.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या, मग एकेक करून गेल्या.

‘‘अकरा रुपये?’’

‘‘अकरा रुपये.’’

‘‘पुत्ररत्न!’’ ते एवढ्याने ओरडले की खिडकीतलं गिऱ्हाईक दचकलं. ‘‘अगं बस, बस. सुमन, ही बघ, ती कन्या! मी चुकलेलो ना. तुझ्या बापाने चिठ्ठीवर बरोबर लिहिलेलं, मी वाचलंच नाय. चार दिवसांचं बाळ आणि बक्षीस म्हटल्यावर तोंडातून पुत्ररत्नच निघालं. सवय! लोक पोरगा झाला की द्यायचे. पोरगी झाली म्हणून पैसे घेऊन नाचत आलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला तुझा बाप.’’

हे मला आईने कधी सांगितलं नव्हतं. तिला माहीत तरी कसं असणार, ती हॉस्पिटलात होती.

मी त्यांना कॅसेटचा भाव सांगितला. ‘‘अठरा हजार?’’ काका म्हणाले. ‘‘मला कंपनीने मानधन म्हणून पंचवीस कॅसेटच दिलेल्या. घराला रंग काढला तेव्हा उरलेल्या भंगारवाल्याने किलोवर नेल्या. नंतर एक हाफ चड्डीवाला त्याच्याकडे शोधत आलेला म्हणे. आम्ही म्हटलं, येडा आहे.’’

‘‘येडा नाही काका.’’

‘‘आता कळलं ना कोण येडा!’’ सुमनकाकू खिडकीतून म्हणाल्या.

सही का देत नाही, ते मी विचारलं. काकांचा आवाज एकदम बदलला. ‘‘अगं, गाणं माझं, कबूल. पण ती पार्टी उभी केली कोणी? या लोकांनी. पोटाला चिमटा काढून दोन-दोन रुपये दिले. बदल्यात काय मागितलं, तर माइकवर एकदा नाव. ते नाव मी घेतलंय. घेतलेलं नाव परत कसं काढू? डोंबिवलीवाला म्हणतो व्यत्यय. अरे व्यत्यय काय, तीच तर माणसं!’’

‘‘पण नावं आता आहेत कुठे काका? टेप गेली, सीलवाली वाजत नाही.’’

‘‘भरलेली आहे की,’’ सुमनकाकू म्हणाल्या.

भरलेली कॅसेट म्हणजे काय, ते आमच्या पिढीला सांगायला नको. दुकानात कोरी कॅसेट द्यायची, तो दुसरीवरून तिच्यावर गाणी उतरवून द्यायचा, दोन दिवसांनी मिळायची. काकूंनी पिठाच्या डब्यावरचा डबा काढला, त्यातून रुमालात बांधलेली कॅसेट. वर निळ्या शाईत काकूंचं अक्षर: ‘हे – मैदान’. दातारकाकांना ती दाखवलेली. ते म्हणाले दर्जा नाही. सर्वेशच्या जगात तर भरलेल्या कॅसेटची किंमत शून्य.

टेपरेकॉर्डरचं झाकण तुटलेलं होतं, काकांनी कॅसेट अंगठ्याने दाबून धरली. मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून जवळ ठेवला. आधी नुसती खरखर. मग लांबून, विहिरीतून आल्यासारखं गाणं. मागे मुलं रडतायत, कोणी खोकतंय, दातारकाकांचे सगळे व्यत्यय जागच्या जागी. ती ओळ आली. गाणं थांबलं. तरुण काशिनाथकाकांचा खणखणीत आवाज: यशवंत फिटर यांच्याकडून पार्टीला अकरा रुपये, पुत्ररत्न झाल्याबद्दल...

‘‘पुत्र नाय! कन्या! कन्या बोला!’’

जाडसर, घाईतला, जरा नाकातून येणारा आवाज. मी मनात चाळीस वर्षं दुसराच कुठला तरी धरून बसलेले. लोक हसले, कोणीतरी शिट्टी मारली, आणि नेमकी तेव्हाच सुमनकाकूंच्या कुकरची शिट्टी झाली, ती माझ्या मोबाईलमध्ये गेली. मी रडले. तोंडबिंड लपवलं नाही. काका कॅसेट संपेपर्यंत अंगठा तसाच दाबून बसले होते.

मग मला भूक लागली. मी डबा काढला, काकांनी मान वर केली. ‘‘सुकट का?’’ घोडबंदर आणि डोंबिवली फिरून आलेली चटणी आम्ही तिघांनी बोटांनी पुसून खाल्ली.

निघताना मी पिशवीतून पाचशेच्या काही नोटा काढल्या. काका रागावले. ‘‘कॅसेटमध्ये अकरा आहेत. अकरा दे.’’ सुट्टे नव्हते. शेवटी मोबाईलवरून दिले. खिडकीतला डबा ओरडला, ‘‘ग्यारह रुपये प्राप्त हुए.’’

काकांनी डब्याकडे तुच्छतेने बघितलं. ‘‘कोणाचे? कशाबद्दल? हे काय बक्षीस झालं?’’ ते खाटेवरून उठले, शर्ट खाली ओढला, मूठ तोंडापाशी धरली, आणि त्या एका खोलीत, मी, सुमनकाकू आणि खारी घ्यायला आलेल्या एका बाईसमोर म्हणाले, ‘‘यशवंत फिटर यांच्या कन्या करुणाताई, राहणार कळवा, यांच्याकडून पार्टीला अकरा रुपये, वडिलांची भेट झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ. पार्टी त्यांची आभारी आहे.’’

खारीवाल्या बाईने टाळ्या वाजवल्या.

कल्याण स्टेशनवरून मी ते रेकॉर्डिंग दातारकाकांना पाठवलं. कळवा यायच्या आत उत्तर आलं, ‘ऐकले. लाज वाटली. एकोणीसही जागेवर बसवतो. मात्र ती कुकरची शिट्टी काढता येईल.’ मी कळवलं, ‘आता काहीही काढू नका.’ म्हणजे तबकडी खरंच निघेल, काका सही देतील. लवकरच. हा शब्द मी कसा वापरतेय बघा.

सर्वेशचाही मेसेज आला: ‘मॅडम, काय बोलले काका? तुमच्यासाठी बावीसला करतो.’ त्याला मी काही कळवलं नाही. तीन-चार पीस त्याचे त्यालाच लखलाभ.

घरी पोचले तेव्हा आई दारातच उभी होती. डबा रिकामा बघून तिला आधी बरं वाटलं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि मोबाईल तिच्या डाव्या कानाला लावला. ती डोळे मिटून ऐकत होती. ओळ, घोषणा, ओरडणं, हसणं, कुकर. तिने हाताने खूण केली, परत. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आता रडेल, मग रडेल.

आईने डोळे उघडले. ‘‘सर्दी झालेली त्यांना.’’

‘‘काय?’’

‘‘अगं, तेव्हा सर्दी झालेली. हॉस्पिटलात तुला जवळ घेतलं नाही त्यांनी, लागेल म्हणून. लांबूनच बघितलं.’’ ती मोबाईलकडे जरा नाराजीने बघत होती. ‘‘असा नव्हता त्यांचा आवाज.’’

घ्या. चाळीस वर्षं, तीन गावं, अठरा हजारांचा भाव, आणि बापाच्या नाकात सर्दी. मी हसायला लागले ते थांबेनाच. आईपण हसली. सर्वेशला कळलं तर तो माल सदोष म्हणून भाव उतरवेल, नाहीतर ‘सर्दी एडिशन’ म्हणून आणखी चढवेल.

‘‘मग कसा होता?’’ मी विचारलं. एवढ्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं. कॅसेट मिळाली की ऐकू, म्हणून थांबलेले.

आईने घसा साफ केला. हनुवटी खाली घेतली, खांदे जरा रुंद केले, आणि कुठून तरी खालून, सावकाश, माझ्या ओळखीचा नसलेला एक आवाज काढला, ‘‘कन्या बोला.’’

‘‘असा,’’ ती म्हणाली. ‘‘जरा खालचा होता.’’

मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि तिच्यासमोर धरला.

‘‘आई, परत म्हण.’’